बारा बोअर बंदुकीवरची टॉर्च

बंदुकीवरची टॉर्च म्हणजे नळीला, मॅगझिन ट्यूबला (नळीखालची काडतुसं ठेवायची नळी) किंवा पुढच्या दस्त्याला घट्ट बसवलेली छोटी पण दणकट बॅटरी, जी गोळी सुटतानाचा धक्का सोसते आणि बंदूक धरलेल्या हातानेच चालूबंद होते. घरच्या राखणीच्या शॉटगनवर ती लावायची पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुजली. नाशिककडं लायसनवाली बारा बोअर म्हटलं की बहुतेक जुनी दुनाळी, ती पण दिंडोरी-निफाडच्या एखाद्या मळ्यातल्या बंगल्यात नाहीतर बँकेच्या दारात उभ्या माजी सैनिकाच्या खांद्यावर, त्यामुळं तिकडचा सल्ला इथं जसाच्या तसा लागू पडत नाही.

टॉर्चचं मुख्य काम नेम धरायला मदत करणं नाहीये, चाप ओढायच्या आधी समोर कोण आहे ते ओळखणं हे आहे. मळ्यात रात्री दोन वाजता कोणी हलताना दिसलं तर तो चोरच असेल असं काही नाही, थ्री फेजची लाइट रात्रीची असली की शेजारचा माणूस मोटर चालू करायला विहिरीवर येतोच, गडी उठलेला असतो, घरातलंच कोणी पडवीत आलेलं असतं. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये दिलाय, पण तो गरजेपुरताच आहे, आणि अंधारात सावलीवर बार काढून नंतर "मला वाटलं चोर आहे" हे कोर्टात पटवणं किती अवघड जाईल ते वेगळं सांगायला नको.

निवडताना लोक सगळ्यात आधी ल्युमेन बघतात आणि तिथंच गंडतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे तो मधल्या झोतात किती एकवटलाय ते. समोरच्या वस्तूवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात, ते काढायचे तर कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागायचं, म्हणजे २०,००० कॅन्डेलाची टॉर्च ५ मीटरवर ८०० लक्स देते आणि ५० मीटरवर फक्त ८. पाकिटावर त्याच टॉर्चचा पल्ला साधारण २८३ मीटर छापलेला असतो, पण तो मोजतात ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड, त्यात माणसाचा चेहरा काय ओळखणार! पंचवटीतल्या जुन्या वाड्यात किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये अंतर असतं ३ ते ५ मीटर, भिंती पांढऱ्या, तिथं जास्त कॅन्डेलाचा बारीक झोत भिंतीवर आपटून आपल्याच डोळ्यावर येतो, म्हणून मधल्या ठिपक्याच्या भोवती पसरट उजेड देणारी टॉर्च बरी, ५०० ते १००० ल्युमेन घराला भरपूर झाले. बागेत उलटं होतं, द्राक्षाच्या मांडवाखाली जवळची पानं लख्ख उजळतात आणि मागचं सगळं काळं दिसतं, शिवाय निफाडचा पारा थंडीत कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो, तेव्हा धुकं पडलं असेल तर झोत समोर पांढरा पडदाच उभा करतो. तिथं एकवटलेला झोत लागतो, पण धुक्यात कुठलीच टॉर्च फार लांब नेत नाही.

बसवायची कुठं, हा खरा किचकट भाग. पंप अॅक्शनला (पुढचा दस्ता मागंपुढं ओढून काडतूस भरायची बंदूक) सोपं आहे, रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० साठी शुअरफायर, स्ट्रीमलाइट या कंपन्या अख्खा फोरएंडच (पुढचा दस्ता) टॉर्चसकट बनवतात, स्विच बोटाखालीच येतो. दुनाळीला ना रेल (जोडणीची पट्टी) ना मॅगझिन ट्यूब. तिथं नळीवर क्लॅम्प लावावा लागतो, तो फोरएंडच्या पुढं असा बसवायचा की बंदूक मधून वाकवून उघडून काडतूस भरताना कुठं अडणार नाही, आणि लेन्स नळीच्या तोंडापासून थोडी मागं, नाहीतर दोन-चार बारांत काजळी धरते. सायकलच्या क्लॅम्पचा जुगाड पहिल्याच बाराला फिरतो. नळीला भोक पाडणं, वेल्डिंग करणं तर विसरूनच जा, काम लायसनवाल्या कारागिराकडूनच करून घ्यायचं.

स्विच असा हवा की दाबलं की उजेड, सोडलं की अंधार, आणि हवं तर कायम चालूही राहील. वायरने जोडलेला दाबायचा पॅड दिसायला भारी पण वायर काढताघालताना अडकते. झगमग करणारा स्ट्रोब नसला तरी काही बिघडत नाही (माझ्या मते नसलेलाच बरा, आपणच गोंधळतो).

सेल बहुतेक सीआर१२३ए लिथियम, ३ व्होल्टचे, साधारण दहा वर्षं पडून राहिले तरी चालतात, म्हणून महिनोन्महिने कपाटात असणाऱ्या बंदुकीला तेच बरे. चार्जिंगचा १८६५० सेल स्वस्त पडतो पण चार्ज करायची आठवण ठेवावी लागते. धक्क्याने सेल मागंपुढं सरकून क्षणभर संपर्क तुटला की टॉर्च विझते किंवा मोड बदलतो, त्यामुळं साधी बाजारातली टॉर्च चिकटपट्टीने बांधून भागत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की, बंदुकीवरची टॉर्च असली तरी हातातली वेगळी लागतेच. बंदुकीवरच्या टॉर्चने शोधाशोध करायची म्हणजे जिथं उजेड तिथं नळी, आणि समोर घरचं माणूस निघालं तर? अंगण, गोठा, कांद्याची चाळ बघायची ती हातातल्या बॅटरीनेच. सिन्नर-निफाडला उसात बिबट्या असतो, त्याच्यासाठीही हातातलीच, सोबत बोलत चालायचं आणि दिसलाच तर वनखात्याला फोन करायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो अनुसूची १ मध्ये आहे, बंदूक रोखून त्याच्या मागं जाणं म्हणजे शिकारीचा गुन्हा ओढवून घेणं.

लायसन शहरात पोलीस आयुक्तांकडून मिळतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायची नोटीस आली तर टॉर्च आणि क्लॅम्प आधी उतरवून घरी ठेवायचे, सेल बाहेर काढायचे, आणि बंदूक परत आल्यावर क्लॅम्पचे स्क्रू पुन्हा आवळून, रिकाम्या बंदुकीने अंधाऱ्या खोलीत झोत नळीच्या रेषेत पडतोय ना ते बघून घ्यायचं.