सामायिक गेम इंजिन : परवाना, किंमत व मालकी

पडद्यावर चित्र उमटवणे, पात्रांची टक्कर ओळखणे, आवाज वाजवणे, तोच गेम मोबाइल आणि संगणक या दोन्हींसाठी बांधून देणे ही कामे करणारे तयार सॉफ्टवेअर म्हणजे गेम इंजिन. एकाच इंजिनावर जगभरात असंख्य गेम बनतात. त्यातले काय कोणाचे आणि विक्रीतून इंजिनाच्या मालकाला किती जायचे, हे परवान्यात लिहिलेले असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये दोघातिघांनी मिळून गेम करायचा म्हटला, तर इंजिनाचा परवाना ही त्यातली सोपी बाजू. खरी गाठ पडते ती आपापसांतल्या हक्कांची.

बहुतेक प्रचलित परवान्यांत गेमची कथा, चित्रे, संगीत आणि स्वतः लिहिलेला कोड करणाऱ्याचाच राहतो, इंजिन मात्र त्याच्या मालकाचे. मोबदल्याच्या तऱ्हा खान्देशातल्या शेतकऱ्याला चटकन कळाव्यात अशा आहेत : अनरिअल हे इंजिन बटाईने (विक्रीतला वाटा), युनिटी खंडाने (ठरावीक रक्कम), आणि गोडो म्हणजे गावाचे गायरान (सगळ्यांना मोकळे).

अनरिअल इंजिन २०१५ पासून फुकट मिळते. मालक एपिक कंपनी ५ टक्के स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) घेते. २०२० पासून एका गेमच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर ते माफ आहे. मर्यादा ओलांडल्यावरची मेख अशी की, वाटा एकूण विक्रीवर मोजतात, हातात आलेल्या रकमेवर नाही. शंभर रुपयांच्या विक्रीत गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने ३० कापले, तरी एपिकचे ५ शंभरावरच लागतात; उरतात ६५. अर्थात १० लाख डॉलरचा टप्पा गाठणाऱ्याला ही तक्रार सुखाचीच वाटेल.

युनिटीची विनामूल्य आवृत्ती वार्षिक उत्पन्न व निधी मिळून २ लाख डॉलरपर्यंत चालते. त्यापुढे माणशी वर्गणी. सप्टेंबर २०२३ मध्ये या कंपनीने ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याचे जाहीर केले. फुकट वाटून जाहिरातींवर पोसल्या जाणाऱ्या मोबाइल गेमला ही रीत परवडणारी नव्हती, कारण तिथे डाउनलोड भरमसाट आणि प्रत्येकामागची कमाई नाममात्र. गदारोळ झाला, अटी सौम्य झाल्या, प्रमुख पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गेमसाठीचे ते शुल्क रद्दच झाले. त्या वर्षभरात अनेकांचे लक्ष गोडोकडे वळले.

गोडो २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे. वर्गणी नाही, वाटा नाही. परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यावा, एवढीच अट. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय त्यात आली. अहिराणी संवादांचा गेम करणाऱ्याला डॉलरच्या हिशेबापेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची.

मुक्त म्हणजे बिनअटीचे, असे मात्र नाही. ‘डूम’ या जुन्या नेमबाजीच्या गेमचे इंजिन १९९९ मध्ये जीपीएल परवान्याखाली आले. त्यावर केलेला गेम विकता येतो, पण इंजिनात केलेल्या बदलांसह त्याचा मूळ कोड घेणाऱ्याला द्यावा लागतो. चित्रे आणि नकाशे वेगळे ठेवून स्वतःच्या हक्कात राखता येतात. मजकुरावर चालणारे खेळ लिहिण्याचे चॉइसस्क्रिप्ट हे साधन फुकट वापरता येते. व्यापारी प्रकाशनासाठी मात्र मालक कंपनीशी करार करावा लागतो.

आता आपापसांतले. समजा, कानबाई या खान्देशातल्या देवीच्या उत्सवावर गेम करायचा आहे. कोड एकाचा, चित्रे दुसऱ्याची, गाणे शेजारच्या बाईंनी म्हटलेले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड वेगळा करार नसल्यास मालकाचा होतो. बाहेरून करून घेतलेला कोड लिहिणाऱ्याचाच राहतो. सांगून, पैसे देऊन काढून घेतलेले चित्र करार नसल्यास पैसे देणाऱ्याचे. मैत्रीखातर फुकट काढलेले चित्र मात्र चित्रकाराचे, आणि घोळ होतो तो इथेच.

हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. कलम १९ प्रमाणे करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे मोघम चिठ्ठीवर घेतलेली चित्रे गेमसोबत जर्मनीत विकता येत नाहीत, आणि पाच वर्षांनी भारतातही नाहीत. ‘सगळ्या जगासाठी, कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत’ एवढे शब्द लिहिले की काम भागते. ते न लिहिण्याचा आळस महागात पडतो.

कानबाईची परंपरागत गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत. पण त्यांचे ध्वनिमुद्रण निर्मात्याचे असते आणि प्रकाशनानंतर साठ वर्षे संरक्षित राहते. म्हणून यूट्यूबवरचे अहिराणी गाणे उचलून गेममध्ये घालता येत नाही. तेच पारंपरिक गाणे नव्याने गाऊन घेता येते, गाणारीची लेखी संमती घेऊन. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा नक्षीला समाजाचा सामूहिक हक्क कॉपीराइट कायदा देत नाही. तरी श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख नसणे हे कोतेपणाचेच लक्षण मानावे.

किंमत साधारणपणे गेमकर्ताच ठरवतो, इंजिन नव्हे. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेममागे १०० डॉलर भरावे लागतात (हजार डॉलर कमाईनंतर ते परत मिळतात) आणि विक्रीतले ३० टक्के दुकान ठेवते. तिथे रुपयांतली किंमत वेगळी लावता येते; डॉलरचा आकडा नुसता गुणून लावला तर भुसावळचा विद्यार्थी तो गेम घेणार नाही. गूगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खान्देशात पत्त्यांचे डाव बसतात, त्यामुळे पत्त्यांचा गेम कोणालाही सुचेल. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळण्याच्या गेमवर बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. पैशांविना खेळायचा पत्त्यांचा डाव त्या बंदीत येत नाही.