लॉनला नजर लागत नाही, थंडी लागते

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या फाटकाला जानेवारीत लिंबू-मिरची बांधलेली दिसली. गाडीसाठी नव्हे, लॉनसाठी. दिवाळीत गालिच्यासारखं असलेलं लॉन संक्रांतीपर्यंत वाळल्या कडब्यासारखं झालं, तेव्हा नक्की कुणाची तरी नजर लागली, असं घरातल्या आजींचं निदान. मार्चमध्ये ते लॉन पुन्हा हिरवं होणार आणि श्रेय लिंबाला जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

त्याच आठवड्यात निफाडकडे जाणं झालं. तिथे तर पारा नाशिक शहराच्याही खाली घसरतो, पण रस्त्याकडेचा गहू मजेत हिरवागार होता. गहू हेही गवतच. मग त्याच थंडीत एक गवत पिवळं आणि दुसरं हिरवं का?

आपल्या लॉनमध्ये बहुतेक हरळीच असते, गणपतीला वाहतो तीच दूर्वा, नाहीतर तिची एखादी निवडक जात. हरळीचं स्वयंपाकघर गव्हापेक्षा वेगळं आहे. प्रत्येक हिरव्या पानात रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं. त्याला एक खोड आहे. ऊन तापलं की ते चुकून ऑक्सिजन पकडू लागतं आणि झाडाची मेहनत वाया जाते. गहू, भात, द्राक्षवेल हा तोटा निमूट सोसतात. हरळी, ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी त्यावर तोड काढली. कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत चार कार्बनच्या आम्लात बांधायचा, मग शिरेभोवती कडं करून बसलेल्या आतल्या पेशींत नेऊन सोडायचा. तिथे रुबिस्कोला ऑक्सिजनकडे बघायला फुरसतच उरत नाही. हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत उसाच्या पानांवर काम करून हा मार्ग मांडला. चार कार्बन, म्हणून ‘सी-फोर’ वनस्पती.

कार्बन डायऑक्साइड आत ढकलणारा हा एक पंपच. आता त्यातला नाजूक भाग. आम्लातून कार्बन सुटला की उरलेलं पायरुव्हेट बाहेर परततं आणि त्याला पुन्हा कामाला जुंपावं लागतं. ते करतं पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज नावाचं विकर. नाव दातात अडकतं खरं, पण रचना साधी आहे: चार सारखे तुकडे एकमेकांना धरून बसलेले. साधारण 12 अंशांच्या खाली हे तुकडे सुटे होऊ लागतात आणि पंप रखडतो. त्यातच, पंप आहे म्हणून सी-फोर झाडं रुबिस्को मुळात कमीच बाळगतात, आणि थंडीत तेही मंदावतं. नाशिकच्या हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं. रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि सकाळी त्याच गारठलेल्या पानांवर लख्ख ऊन पडतं. हरितद्रव्य ऊन शोषतं, पण ती ऊर्जा वापरणारा कारखाना ठप्प असतो. उरलेली ऊर्जा मग हरितद्रव्याचीच मोडतोड करते. पान पिवळं पडण्याचं कारण हे.

गवत मात्र मरत नाही. पिष्टाचा साठा जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांत शाबूत असतो. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको: एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची फूट आधी ओलांड्यातल्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांतल्या, साठ्यावरच येते.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात, आणि अंदाज वाईट नाही. पण मी थर्मामीटर वापरतो. सकाळी 10 सेंटिमीटर खोल मातीत आठवडाभर 18 अंशांच्या आसपास दिसले की कामाला लागायचं. मग वाळलेलं पान बुडापर्यंत कापून दाताळ्याने ओढून काढा, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचेल. काळी माती पावलांखाली दगड झालेली असते, तिला काटेरी रोलरने नाहीतर सळईने भोकं पाडा आणि वर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत नि वाळू पसरा. अर्धकच्चं शेणखत म्हणजे तणांच्या बियांचं पार्सल.

युरियाची घाई नको. वसंतात नवी फूट येते त्याच सुमाराला हरळीची बरीचशी जुनी मुळं मरून नवी येऊ शकतात. अशा वेळी नत्राचा मारा केला तर पानं तरारतात, पण खाली मुळंच नाहीत आणि साठाही संपत आलेला. निम्मं लॉन हिरवं झाल्यावर 100 चौरस फुटांना 100 ग्रॅम युरिया पुरे, लगेच भरपूर पाणी देऊन. ‘सात दिवसांत हिरवंगार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या बाटल्यांची मला लिंबू-मिरचीइतकीच गंमत वाटते. बसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॅग्नेशियमची वानवा सहसा नसते.

मातीच्या त्या ऊबेला लव्हाळा हे तणही जागं होतं. तोही सी-फोर आहे. नुसता उपटला तर खालच्या गाठींतून पुन्हा फुटतो, म्हणून ओल असताना खुरप्याने गाठीसकट काढायचा.