रोज्याचं घड्याळ आणि खेळाडूचं ताट

४ मार्च २०२५. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया. सामना सुरू असताना मोहम्मद शमी सीमारेषेजवळ एनर्जी ड्रिंकचे घोट घेताना कॅमेऱ्यात दिसला. रमजानचे पहिलेच दिवस होते. शमीने त्या सामन्यात ४८ धावांत तीन गडी बाद केले, पण पुढचे काही दिवस चर्चा रंगली ती त्या बाटलीची. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला दोषी ठरवलं, तर अनेक मुस्लिम मान्यवर त्याच्या पाठीशी उभे राहिले. आपल्याकडच्या वाहिन्यांवर हा विषय कालपरवाच उपटल्यासारखा मांडला गेला. खरं तर त्याच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि तो कळला की वादातली बरीच हवा निघून जाते.

मुळात सवलत मूळ ग्रंथातच आहे. रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले इस्लामी कालगणनेच्या हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये. बद्रची लढाईही त्याच रमजानमधली. कुराणाच्या दुसऱ्या सूरहमध्ये, अल-बकरामध्ये, १८३ ते १८५ या आयती रोज्याबद्दल आहेत. आजारी माणसाने आणि प्रवाशाने राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. यालाच कजा म्हणतात. हाशिम अमलाने जुलै २०१२ मध्ये ओव्हलवर नाबाद ३११ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेचं कसोटीतलं पहिलं त्रिशतक. तेव्हाही रमजान नुकताच लागला होता. आपण प्रवासात असल्याने रोजे धरलेले नाहीत, घरी गेल्यावर पुरे करू, असं त्याने सरळ सांगितलं. शमीही दुबईत प्रवासीच होता.

हा प्रश्न मध्येच गायब का होतो आणि पुन्हा डोकं वर का काढतो, याचं उत्तर चंद्रात आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, आणि आपल्या अधिक महिन्यासारखी सोय त्यात नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकच्या काळात रमजान होता. पण इजिप्त, पाकिस्तान, इंडोनेशिया, मोरोक्को असे कितीतरी देश बहिष्कारामुळे तिथे गेलेच नव्हते. त्यानंतर उन्हाळी ऑलिम्पिक आणि रमजान यांची गाठ थेट २०१२ मध्ये लंडनला पडली. मधली बत्तीस वर्षं उन्हाळी ऑलिम्पिकच्या आयोजकांना या गोष्टीचा विचार करावा लागला नाही.

खेळाडूंना मात्र करावा लागत होता, आणि तोही एकट्याने. ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉन हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ऐन हंगामात तो रोजे धरून खेळायचा, सामन्याच्या दिवशीसुद्धा. पहाटेच्या आधी उठून मोजून सात खजूर आणि गॅलनभर पाणी, असा त्याचा शिरस्ता होता, असं तेव्हाच्या बातम्यांत येई. फेब्रुवारी १९९५ हा जवळजवळ पूर्ण महिना रमजानचा होता, आणि त्याच महिन्याचा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. त्या हंगामाचं विजेतेपदही रॉकेट्सने सलग दुसऱ्यांदा पटकावलं. ओलाजुवॉनचा दाखला आजही रोजे धरणाऱ्या पोरांना दिला जातो. देताना एवढं लक्षात ठेवावं की तो फेब्रुवारी होता, दिवस लहान होता आणि कोर्ट छताखाली होतं. जुलैच्या उन्हात नव्वद मिनिटं पळणाऱ्या फुटबॉलपटूला तोच मापदंड लावणं मला अन्यायाचं वाटतं.

शास्त्रज्ञांनी या विषयात नीट हात घातला तो उत्तर आफ्रिकेत. २००७ मध्ये अल्जीरियातल्या दोन व्यावसायिक फुटबॉल संघांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रमजानमध्ये खेळाडूंचा वेग, चपळाई आणि दमसास घटलेला दिसला, आणि सुमारे ७० टक्के खेळाडूंनी स्वतःही सांगितलं की रोज्यात आपला खेळ खालावतो. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने २००६ च्या रमजानमध्ये ट्युनिशियातल्या तरुण फुटबॉलपटूंची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि ते उलटे होते: कामगिरीवर वाईट परिणाम दिसला नाही. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात, कारण ट्युनिशियातली मुलं शिबिरात राहत होती. जेवण, झोप आणि सराव, तिन्ही गोष्टी आखून दिलेल्या होत्या. घरी राहणाऱ्या खेळाडूचं तसं नसतं. तरावीहची म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, पाहुणे, उशिरापर्यंतची जाग आणि पुन्हा पहाटे सहरीला, रोज्याआधीच्या जेवणाला, उठणं, यात झोपेचे लचके तुटतात. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की मला तरी असं दिसतं की रोज्यात खेळाडूची खरी कसोटी रात्री लागते.

शरीराचा हिशेब तसा सरळ आहे. यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा जेमतेम शंभर ग्रॅमचा. तो उपाशीपोटी ओसरत जातो आणि शरीर चरबीकडे वळतं. हळू पळायला चरबी पुरते. पुन्हा पुन्हा झेप घेऊन धावायला ती कमी पडते. पाण्याचं गणित आणखी कडक. घामावाटे वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं जवळपास दीड लिटर, की दमसास घसरायला लागतो. निव्वळ ताकद त्या मानाने टिकून राहते. म्हणून संघांचे आहारतज्ज्ञ आता सूर्यास्त ते पहाट या वेळाची आखणी करतात. आधी खजूर आणि पाणी, मग थोडं थांबून जेवण. पाणी एकदम तांब्याभर न पिता रात्रभर थोडं थोडं, सोबत मीठ आहेच. प्रथिनं एका बैठकीत न कोंबता दोन-तीन वेळा, दर वेळी वीस-पंचवीस ग्रॅम. सहरीला हळूहळू पचणारं काहीतरी: चपाती किंवा ओट्स, अंडी, दही, फळ. आपल्याकडच्या इफ्तारच्या ताटात भजी-समोसे आणि लाल सरबत यांचा मान मोठा. सणाचा आनंद कुणी हिरावू नये, पण दुसऱ्या दिवशी ज्याला बारा षटकं टाकायची आहेत त्याने तळणीवर हात आखडता घ्यावा. जोरकस सराव इफ्तारनंतर दोन-तीन तासांनी, आणि दिवसा सराव झालाच तर हलका.

हे ज्ञान जमत होतं, पण मैदानावरचे लोक तिथवर आले नव्हते. ऑगस्ट २००९ मध्ये इंटर मिलानचे प्रशिक्षक जोझे मोरिन्हो यांनी सुली मुंतारीला अर्ध्या तासात बाहेर बोलावलं आणि कारण रोज्याचं दिलं. त्याच वर्षी जर्मनीत एफएसव्ही फ्रांकफुर्ट क्लबने न सांगता रोजे धरले म्हणून तीन खेळाडूंना लेखी ताकीद दिली. त्यातून मात्र चांगली गोष्ट घडली. तिथल्या मुस्लिमांच्या मध्यवर्ती परिषदेने कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाचं मत मागवलं, आणि खेळ हाच ज्याचा चरितार्थ आहे त्याने रोजे नंतर पुरे केले तर चालेल, असं २०१० मध्ये जाहीर केलं.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जुलैअखेरीस रोजा सतरा-अठरा तासांचा होता. ब्रिटिश धावपटू मो फाराने रोजे पुढे ढकलले आणि दहा हजार व पाच हजार मीटर, दोन्हींत सुवर्ण घेतलं. मोरोक्कन वडिलांचा ब्रिटिश रोइंगपटू मो स्बिही यानेही रोजे धरले नाहीत. बदल्यात त्याने मोरोक्कोतल्या गरिबांसाठी १८०० जेवणांचा खर्च उचलला आणि आठ जणांच्या नावेत कांस्य मिळवलं. दोघांच्याही श्रद्धेवर शंका घ्यायची कुणाला गरज वाटू नये.

दोन वर्षांनी ब्राझीलमधल्या फुटबॉल विश्वचषकात उलटं चित्र. दक्षिण गोलार्धात तो हिवाळा. ३० जून २०१४ ला पोर्तो अलेग्रेत अल्जीरिया-जर्मनी सामना संध्याकाळी पाचला सुरू झाला आणि पहिल्या सत्रातच सूर्य मावळला. अल्जीरियाचे काही खेळाडू रोजे धरून होते. जर्मनीला जिंकायला जादा वेळ लागला, तेही २-१ असे. जर्मनीच्या मेसुत ओझिलने मात्र आपण कामावर आहोत म्हणून रोजे धरत नाही, असं आधीच सांगितलं होतं.

२०१८ च्या रमजानमध्ये ट्युनिशियाने वेगळीच शक्कल लढवली. विश्वचषकाआधीचे सराव सामने ऐन सूर्यास्ताला आले होते. पोर्तुगालविरुद्ध आणि मग तुर्कस्तानविरुद्ध, गोलरक्षक मुएझ हसन नेमक्या वेळी जमिनीवर आडवा झाला. डॉक्टर मैदानात आले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी सीमारेषेवर जाऊन खजूर आणि पाणी घेतलं. पोर्तुगालविरुद्ध १-२ असे मागे असलेल्या संघाने थोड्याच वेळात बरोबरी साधली. ही लबाडी करावी लागू नये, हे इंग्लंडमध्ये उमगलं. २६ एप्रिल २०२१ ला लेस्टर-क्रिस्टल पॅलेस सामन्यात अर्ध्या तासाच्या सुमारास गोलरक्षक ग्वाइताने गोलकिक रोखून धरली, कारण दोन्ही संघांनी आणि पंचांनी तसं आधीच ठरवलं होतं. वेस्ली फोफाना आणि शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. २०२३ मध्ये इंग्लंडच्या पंचांना असा विराम देण्याच्या सूचनाच गेल्या. फ्रान्सच्या महासंघाने त्याच वर्षी आपल्या पंचांना सामना थांबवू नका असं कळवलं. पाण्याच्या एका घोटाला जेमतेम मिनिट लागतं. तेवढंही न देण्यात मला कसलीच तत्त्वनिष्ठा दिसत नाही.

मुंबई-पुण्यात हा ताण थोडा सुसह्य आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे रोजा हिवाळ्यात सुमारे साडेबारा तासांचा आणि जूनमध्ये साडेचौदाच्या आसपास, एवढाच फरक. छळतं ते ऊन. आमच्या क्लबच्या नेट्सवर एकोणीस वर्षांचा एक वेगवान गोलंदाज आहे. गेल्या रमजानमध्ये तो दुपारी चार षटकं टाकायचा, नळावर जाऊन चूळ भरायचा, सगळं पाणी थुंकायचा आणि ओठ बाहीला पुसून परत रन-अपवर जायचा. दुसऱ्या आठवड्यात प्रशिक्षकांनी त्याची वेळ बदलून रात्री नऊची केली आणि मैदानाचे दोन दिवे जास्त वेळ सुरू ठेवले. त्याची आई डब्यात खजुरांसोबत उकडलेली अंडी द्यायला लागली. महिनाअखेरीस त्याचं वजन पाऊण किलोने उतरलं होतं, वेग तसाच होता.

रमजान आता हिवाळ्याकडे सरकतो आहे. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. हिशेब मांडला तर जुलै-ऑगस्टच्या ऑलिम्पिकशी त्याची पुढची गाठ २०४४ मध्ये पडते.