अँटीव्हायरसचं रिन्युअल : दरवर्षीच्या खर्चामागची चाळीस वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट थांबले आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत, दवाखान्यांत, सीएंच्या ऑफिसांत जुन्या मशीनचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. त्यासोबत आणखी जुना प्रश्न आला: अँटीव्हायरस पुन्हा रिन्यू करायचा का?

हा प्रश्न विचारणारे वैतागलेले असतात आणि त्यांचा वैताग खरा आहे. लायसन्स संपायच्या महिनाभर आधीपासून स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल इशारे सुरू होतात. पहिल्या वर्षाची किंमत मोहात पाडणारी असते, दुसऱ्या वर्षाची चटका देणारी. कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात. व्हीपीएन, क्लीनर, पासवर्ड मॅनेजर असं बरंच काही न मागता गळ्यात पडतं आणि मशीन स्लो होतं ते वेगळंच. तरीही हे पैसे दरवर्षी का द्यावे लागू लागले, ते आधी पाहायला हवं. सुरुवातीला त्या पैशांमागे रास्त कारण होतं.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसायचा आणि फ्लॉपी फिरेल तिकडे जायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅकअफी ही अँटीव्हायरस कंपनी सुरू झाली, युरोपातही व्हायरस पकडणारे प्रोग्राम लिहिले जाऊ लागले. पद्धत साधी होती. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला ओळख पटेल असा तुकडा हेरायचा, त्याची यादी करायची आणि मशीनवरची प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची. त्यामुळे यादी जुनी झाली की अँटीव्हायरस निरुपयोगी. नवा व्हायरस पकडून त्याची चिरफाड करणारी माणसं वर्षभर कामाला ठेवावी लागत आणि ताजी यादी गिऱ्हाइकाला फ्लॉपीवर पोचवावी लागे. वार्षिक शुल्क हा त्या मेहनतीचा मोबदला होता, आणि तो योग्यच होता.

भीतीचा धंदाही लवकर सुरू झाला. ६ मार्च १९९२ रोजी ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस जागा होईल आणि जगभरात लाखो संगणक निकामी होतील, असं वातावरण तयार झालं. प्रत्यक्षात नुकसान काही हजार संगणकांपुरतं राहिलं. अँटीव्हायरस मात्र धडाक्यात विकले गेले.

या इतिहासात पुण्याचं स्थान मोठं आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून १९९५ मध्ये क्विक हील हा अँटीव्हायरस आला. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरू झालेल्या कंपनीने २००७ मध्ये उत्पादनाचंच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. नेट प्रोटेक्टर हा अँटीव्हायरसही पुण्याचाच. परदेशी कंपन्यांना इथल्या गल्लीबोळांतले व्हायरस उशिरा दिसत, या मंडळींना ते दारातच भेटत. माझ्या मते भारतीय सॉफ्टवेअरच्या इतिहासात या कामाची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

त्या काळाची गरज समजून घ्यायची तर डीटीपीची दुकानं आठवावी लागतात. लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, कॉलेजचे प्रोजेक्ट असं सगळं पेनड्राइव्हवर यायचं. एकच पेनड्राइव्ह दुकानाच्या, सायबर कॅफेच्या आणि घरच्या मशीनला लागायचा. विंडोजमधल्या ऑटोरनमुळे, म्हणजे त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सोयीमुळे, तो नुसता लावला तरी व्हायरस आत शिरायचा. फोल्डर गायब व्हायचे आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायचे. मग टिळक रोडवरच्या किंवा तापकीर गल्लीतल्या दुकानातून बॉक्स आणायचा आणि नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला बोलवायचं. तो मशीन फॉरमॅट मारायचा, अँटीव्हायरस टाकायचा, वर्षभर फोन उचलायचा. बॉक्सच्या किमतीत हा माणूसही आला होता. म्हणून तेव्हाच्या रिन्युअलबद्दल कुरकुर कमी होती.

मग एकेक परिस्थिती बदलत गेली. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीच दुरुस्ती एक्सपी आणि व्हिस्टालाही दिली. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस जायंट नावाची छोटी कंपनी विकत घेतली होती. तिच्या प्रोग्राममधून विंडोज डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा संरक्षक प्रोग्राम घडला. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सिक्युरिटी इसेन्शियल्स हा अँटीव्हायरस फुकट मिळू लागला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर याच नावाने पूर्ण अँटीव्हायरस विंडोजसोबतच येऊ लागला. सुरुवातीला स्वतंत्र चाचण्यांत तो मागे पडायचा, ती टीका बरोबरच होती. पण गेल्या काही वर्षांत एव्ही-टेस्टसारख्या प्रयोगशाळांत तो विकतच्या प्रोग्रामांच्या बरोबरीने गुण मिळवतो आहे. अनेकांच्या मनात मात्र जुनंच मत घट्ट बसलं आहे.

याच काळात विक्रीची रीत बिघडली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी नॉर्टन विकणारी सिमँटेक आणि मॅकअफी यांच्याकडून प्रत्येकी ३,७५,००० डॉलर वसूल केले. ग्राहकाला स्पष्ट न सांगता रिन्युअलचे पैसे आपोआप कापले जात असल्याची ती तक्रार होती. फुकटच्या पर्यायाचीही किंमत निघाली. फुकट अँटीव्हायरस देणारी अव्हास्ट ही कंपनी आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. २०२० मध्ये ते उघड झालं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. एक ब्रँड सोडून दुसरा घेणाऱ्यांनी हेही पाहावं: नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा हे चारही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत.

धोक्याची जागाही बदलली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी अपडेट टाकला होता त्यांची मशीन त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यापासून वाचली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसवून. खातेदाराच्या घरचा अँटीव्हायरस तिथे काहीच करू शकत नव्हता. आता तर व्हॉट्सअॅपवर ट्रॅफिक चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइड अॅपची, फाइल येते आणि माणूस स्वतःच्या हाताने ती इन्स्टॉल करतो. ‘तुमचा अँटीव्हायरस रिन्यू झाला, पैसे परत हवे असतील तर या नंबरवर फोन करा’ अशा खोट्या ईमेलही फिरतात. इतकी वर्षं पेरलेली भीती चोरांच्याही कामी आली.

आपल्याकडचे नियम उशिरा आले, पण आले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून असे ठरावीक पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या डिझाइनचे १३ प्रकार अधिसूचित केले. खोटी घाई लावणं, सतत टोचत राहणं आणि सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं हे तिन्ही त्यांत आहेत. कोपऱ्यातला लाल इशारा बंदच होत नसेल किंवा रद्द करायचं बटण सापडत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करता येते.

माझं मत स्पष्ट आहे. विंडोज ११ असलेल्या घरच्या मशीनवर डिफेंडर पुरतो. वाचलेले पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालावेत आणि बॅकअप झाला की ती काढून ठेवावी. वॉनाक्रायसारखं खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर तीच उपयोगी पडेल. विंडोज १० सोडता येत नसेल तर ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. त्यानंतर त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी, कारण अपडेट बंद झालेल्या विंडोजची भोकं कोणताही अँटीव्हायरस बुजवत नाही. सीए, दवाखाने, छोटे कारखाने यांची गोष्ट वेगळी. तिथे लोकांची माहिती असते, अनेक मशीन एका जागेवरून सांभाळायची असतात आणि अडचणीला फोन उचलणारा माणूस लागतो. त्यांनी पैसे मोजून अँटीव्हायरस घ्यावा, शक्यतो जवळच्या डीलरकडून.

सोडायचंच ठरलं तर आधी बँकेच्या अॅपमधला ऑटोपे रद्द करावा, कारण प्रोग्राम काढला म्हणून पैसे कापणं थांबत नाही. मग तो कंट्रोल पॅनेलमधून काढावा. अवशेष राहिले तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्यासाठी वेगळं रिमूव्हल टूल असतं. मशीन रीस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटी उघडावं आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे ना, ते पाहावं. दुसरा अँटीव्हायरस असेपर्यंत डिफेंडर बाजूला झालेला असतो, त्यामुळे ही खात्री करून घेतलेली बरी.