बीएमआय २२.३, तरी चरबी दुपटीहून जास्त

‘माझा बीएमआय २५ च्या आत आहे, मला कसला मधुमेह होतोय!’ हे वाक्य ऐकलं की मला २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक फोटो आठवतो. फोटोत दोन डॉक्टर, ब्रिटनचे जॉन युडकिन आणि भारताचे चित्तरंजन याज्ञिक. बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) येतो. तो २५ किंवा जास्त असला की वजन जास्त मानतात. वजन स्नायूंचं की चरबीचं, हे त्या भागाकाराला कळत नाही. वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे एकोणिसाव्या शतकात दाखवलं केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञानं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रोग नव्हे.

खरा प्रश्न आहे तो चरबी कुठे साठते हा. कातडीखालच्या मेदपेशी म्हणजे शरीराची कोठारं. ती किती फुगू शकतात याला मर्यादा असते आणि ती माणसागणिक वेगळी. कोठार भरलं की मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, रक्तात उतरतात आणि यकृतात, स्नायूंत, जिथे त्यांची जागाच नाही तिथे मुक्काम करतात. यकृतात त्यांच्यापासून चरबी बनताना मधल्या टप्प्यावर डायअसिलग्लिसेरॉल नावाचा रेणू तयार होतो. तो साचला की प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम जागं होतं आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडतो. ‘साखर बनवणं थांबव’ हा तो निरोप. तो पोहोचत नाही म्हणून यकृत उपाशीपोटीही रक्तात जादा साखर सोडत राहतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि काहींच्या बाबतीत वर्षांनुवर्षांच्या या ओढाताणीत थकतं. हे सगळं सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही घडू शकतं.

आशियाई लोकांत तेवढ्याच बीएमआयला चरबी सहसा जास्त असते, म्हणूनच त्यांच्यासाठी धोक्याची खूण २५ ऐवजी २३ वर धरतात. सोबत कंबरेचा घेरही मोजावा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. पोटाला बांधून ‘चरबी वितळवणारे’ पट्टे मात्र शुद्ध फसवणूक आहेत. घामातून पाणी आणि क्षार जातात. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो.

खाणं आटोक्यात आणलं की यकृतातली चरबी फार लवकर उतरू लागते, वजनकाट्यावर मोठा फरक दिसण्याच्या कितीतरी आधी.