एसएसडीआय आणि एसएसआय: निवृत्तीची बचत कुठे आड येते, कुठे येत नाही

अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘त्याला डिसॅबिलिटी चालू झाली’ असे कुणी सांगितले की मी आधी विचारते, दोहोंपैकी कोणती? अनेकदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स म्हणजे एसएसडीआय आणि सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम म्हणजे एसएसआय या दोन्ही योजना सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन हे एकच खाते चालवते, पत्रे एकाच कार्यालयाकडून येतात, आणि प्रौढ व्यक्तीसाठी अपंगत्वाची व्याख्याही दोन्हींकडे एकच आहे: किमान १२ महिने टिकणारा किंवा जिवावर बेतणारा असा विकार, ज्यामुळे पुरेशी कमाई होईल इतके काम करता येत नाही. परंतु ४०१(के) (नोकरीतून मिळणारे निवृत्ती खाते) किंवा आयआरए (स्वतः काढलेले निवृत्ती खाते) यांत साठवलेल्या पैशाकडे या दोन योजना अगदी वेगळ्या नजरेने पाहतात, आणि तो फरक न कळल्याने माणसे एक तर गरज नसताना बचत मोडून बसतात, नाहीतर गरज असताना ती तशीच ठेवून हक्क गमावतात.

एसएसडीआय हा विमा आहे. १९५६ साली सुरू झालेल्या या विम्याचा हप्ता पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटी कराच्या रूपाने आधीच भरलेला असतो. साधारणपणे ४० वर्क क्रेडिट (कर भरलेल्या कमाईवर जमा होणारे गुण) आणि त्यांतली २० अपंगत्वापूर्वीच्या १० वर्षांतली, ही अट पुरी झाली (तरुणांना ती कमी लागते) की साठवलेला पैसा किती, हे कुणी विचारत नाही. चाळिशीत पक्षाघात झालेल्या अभियंत्याच्या ४०१(के)मध्ये तीन लाख डॉलर असले तरी त्याची रक्कम एका डॉलरनेही घटत नाही, आणि त्या खात्यातून त्याने पैसे काढले तरीही घटत नाही. काढलेल्या रकमेवर प्राप्तिकर लागतो, पण तो वेगळा विषय.

एसएसआय ही गरजूंसाठीची मदत आहे. जानेवारी १९७४ पासून चालू असलेल्या या योजनेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण महसुलातून येतो, त्यासाठी पूर्वी नोकरी केलेली असण्याची अट नाही, मात्र उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही तपासली जातात. २०२६ मध्ये एका व्यक्तीला केंद्राकडून महिन्याला जास्तीत जास्त ९९४ डॉलर मिळतात. मालमत्तेची मर्यादा एका व्यक्तीसाठी २,००० आणि जोडप्यासाठी ३,००० डॉलर आहे, आणि ती १९८९ पासून तसूभरही वाढलेली नाही. राहते घर आणि एक गाडी त्यातून वगळतात. मोजणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात काय होते यावरून होते. इतक्या वर्षांची महागाई पोटात घेतलेली ही मर्यादा मला अन्यायकारक वाटते, पण ती आहे तोवर तिच्यासह जगावे लागते.

निवृत्तीची बचत आड येते ती येथे. अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरचे ४०१(के) किंवा आयआरए, त्यातून आज पैसे काढता येत असतील तर, मालमत्ता धरले जाते. समजा, जुन्या नोकरीतले ६,००० डॉलर तसेच पडून आहेत आणि मुदतीपूर्वी काढल्याबद्दल दहा टक्के दंड लागू होतो. मग ६०० वजा करून ५,४०० डॉलर मोजले जातात. भरावा लागणारा कर मात्र वजा होत नाही. ५,४०० हा आकडा मर्यादेच्या वर असल्याने एसएसआय नाकारले जाते. नोकरी सोडल्याखेरीज पैसे हाती येणारच नसतील, तर तो निधी मोजत नाहीत. आणि त्याच निधीतून दरमहा पेन्शन घेण्याचा हक्क असेल, तर तिच्यासाठी अर्ज करावाच लागतो. तेव्हा निधी मालमत्तेतून सुटतो, पण येणारी पेन्शन उत्पन्नात धरली जाते. मर्यादेत बसण्यासाठी पैसे भावाच्या नावे करण्याचा मोह होतो, पण मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याला दिल्यास ३६ महिन्यांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

आपल्याला काय मिळते हे ओळखण्याची सोपी खूण बँकेच्या स्टेटमेंटवर असते. एसएसआय महिन्याच्या १ तारखेला जमा होते, तर एसएसडीआय बहुतेकांना जन्मतारखेनुसार दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी. १ आणि ३ तारखेला अशा दोन रकमा दिसत असतील, तर बहुधा दोन्ही योजना एकदम चालू आहेत. समजा, एसएसडीआय ७०० डॉलर आहे. त्यातले २० सोडून ६८० उत्पन्न धरतात आणि एसएसआयचे ३१४ डॉलर वर मिळतात. अशा माणसाला बचतीची मर्यादा लागू असते, पण ती फक्त त्या ३१४ साठी.

आता आईवडिलांविषयी, कारण आपल्याकडे खरी चूक येथेच घडते. अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक असल्याने आईवडील व्हिसावर असले तरी ते एसएसआयसाठी अर्ज करू शकते. १८ वर्षांखालील मुलासाठी पालकांचे उत्पन्न आणि मालमत्ता काही प्रमाणात मुलाचीच धरतात, मात्र पालकांचे ४०१(के) आणि आयआरए त्यातून वगळलेले आहेत. तेव्हा मुलासाठी म्हणून स्वतःची निवृत्तीची बचत मोडण्याचे कारण नाही. अठरा पूर्ण झाले की पालकांचे काहीच मोजले जात नाही. उलट ‘त्याच्या नावावर काहीतरी असू दे’ या मायेपोटी मुलाच्या नावे काढलेले खाते मोजले जाते, आणि भारतातल्या बँकेतली मुदत ठेवही आपोआप सुटत नाही. सर्वांत महाग पडते ते ४०१(के)च्या अर्जावर बेनिफिशिअरी म्हणून त्या मुलाचे थेट नाव लिहिणे. वडील गेले की तो पैसा मुलाचा होतो आणि एसएसआय थांबते. तेथे स्पेशल नीड्स ट्रस्टचे, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी पैसा सांभाळणाऱ्या खास न्यासाचे, नाव असायला हवे. ट्रस्ट या विषयातल्या वकिलाकडूनच करून घ्यावा.

मुलाच्या स्वतःच्या पैशासाठी एबल, म्हणजे अपंग व्यक्तींसाठीचे खास बचत खाते आहे. २०१४ च्या कायद्याने आलेल्या या खात्यातले एक लाख डॉलरपर्यंत एसएसआय मोजत नाही. अपंगत्व २६ व्या वर्षापूर्वी आलेले असावे ही अट १ जानेवारी २०२६ पासून ४६ वर्षांपर्यंत सैल झाली आहे. त्यामुळे मधल्या वयात आजारी पडलेल्या अनेकांना आपले छोटे आयआरए काढून, वार्षिक मर्यादेच्या आत, त्याच महिन्यात एबलमध्ये भरता येईल.

एक गोष्ट दोन्ही योजनांच्या सीमेवर आहे. अपंगत्व २२ व्या वर्षापूर्वी आलेले असेल आणि मुलगा अविवाहित असेल, तर आई किंवा वडील स्वतःचे सोशल सिक्युरिटी घेऊ लागले की त्यांच्या नोंदीवर मुलाला त्यांच्या मूळ लाभाच्या निम्म्यापर्यंत, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पाऊण हिश्श्यापर्यंत रक्कम मिळू शकते. ही रक्कम विम्याच्या बाजूची असल्याने तिला मालमत्तेची अट नाही, मात्र तिच्यामुळे एसएसआय बहुधा बंद होते. तेव्हा घरचे लोक २,००० डॉलरची कटकट संपली असे समजतात. परंतु एसएसआयमुळे मिळणारे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) या मुलांना पुढेही चालू राहते ते या एका रकमेखेरीज एसएसआयच्या बाकी सर्व अटी पुऱ्या होत असतील तरच, म्हणून मुलाच्या खात्यातली शिल्लक त्यानंतरही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहावी लागते.