अंधारात उचललेला लोलक

विज्ञान आणि छद्मविज्ञान यांच्यातील फरकाचा विषय निघाला की छद्मविज्ञानाच्या समर्थकांकडून एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. विज्ञानाला तरी सगळे कुठे ठाऊक आहे, काल ते एक सांगत होते आणि आज दुसरेच सांगते, मग पुरावा तेवढा आमच्याकडेच का मागता, असा त्याचा सूर असतो. या युक्तिवादाचा पूर्वार्ध अगदी खरा आहे आणि तो मान्य करताना कोणी कचरण्याचे कारण नाही. विज्ञानाच्या इतिहासात चुकांची रास पडलेली आहे आणि त्यांतील बऱ्याच चुका नावाजलेल्या, प्रामाणिक माणसांनी केलेल्या आहेत. त्यामुळे बरोबर ठरेल ते विज्ञान आणि चूक ठरेल ते छद्मविज्ञान, ही शाळकरी विभागणी टिकत नाही. उपकरणांवरूनही भेद करता येत नाही, कारण काटे हलणारी आणि दिवे लुकलुकणारी यंत्रे भोंदूंकडेही असतात. पदव्यांचे तर बोलायलाच नको. फरक नेमका कोठे पडतो हे समजून घेण्यासाठी मला एक फसलेला शोध फार उपयोगी वाटतो, कारण त्यात लबाड असे कोणीच नव्हते.

फ्रान्समधील नान्सी येथील विद्यापीठात काम करणारे रने ब्लाँदलो हे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिष्ठित भौतिकशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जात. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये आणि किरणोत्सर्गाचा १८९६ मध्ये लागला होता. निसर्गात आणखीही काही अदृश्य किरण असतील असे मानणे त्या काळी मुळीच वेडगळपणाचे नव्हते. क्ष-किरणांवर प्रयोग करत असताना ब्लाँदलो यांना असे दिसले की, एका बारीक विद्युत ठिणगीचे तेज विशिष्ट परिस्थितीत किंचित वाढते आणि ही वाढ क्ष-किरणांच्या ज्ञात गुणधर्मांत बसत नाही. १९०३ मध्ये त्यांनी नव्या किरणांची घोषणा केली आणि आपल्या शहराच्या नावातील पहिल्या अक्षरावरून त्यांना ‘एन-किरण’ असे नाव दिले. पाहता पाहता हे किरण सूर्यातून, कडक केलेल्या पोलादातून, इतकेच काय पण माणसाच्या स्नायूंतून आणि मज्जातंतूंतूनही निघताना दिसू लागले. फ्रान्समधील अनेक प्रयोगशाळांतून त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध होत राहिले. अडचण एवढीच होती की इंग्लंड-जर्मनीतील कसलेल्या प्रयोगकारांना तेच प्रयोग करूनही काही दिसत नव्हते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड १९०४ मध्ये नान्सीला प्रत्यक्ष जाऊन आले. तेथे अंधाऱ्या खोलीत त्यांना जे दाखवण्यात आले त्याची रचना साधी होती. एका फटीतून आलेले एन-किरण अ‍ॅल्युमिनियमच्या लोलकातून जात, त्यांचा वर्णपट पसरे आणि अंधारात मंद चमकणाऱ्या द्रव्याची एक अरुंद पट्टी स्क्रूच्या साहाय्याने त्या वर्णपटातून सरकवली जाई. जेथे पट्टी अधिक उजळ भासेल तेथे किरणांची रेषा आहे असे मानून स्क्रूवरचे माप वाचायचे, अशी ही पद्धत होती. मापे एक दशांश मिलिमीटरपर्यंतची सांगितली जात होती. वुड यांना पहिली शंका येथेच आली, कारण किरण ज्या फटीतून येत होते तीच दोन-तीन मिलिमीटर रुंद होती आणि एवढ्या रुंद झोतातून इतक्या बारीक रेषा वेगळ्या दिसणे प्रकाशशास्त्राच्या कोणत्याही नियमाने शक्य नव्हते. मग मापन चालू असताना, खोलीत काळोख आहे याचा फायदा घेऊन, त्यांनी कोणालाही न कळू देता तो लोलक उचलून बाजूला केला. लोलकच नसेल तर वर्णपट पसरणार नाही आणि रेषाही दिसणार नाहीत. तरीही रेषा दिसतच राहिल्या आणि मापेही आधीच्याच जागी येत राहिली. सप्टेंबर १९०४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वुड यांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि फ्रान्सबाहेर एन-किरणांचा विषय जवळजवळ संपला.

ब्लाँदलो खोटे बोलत नव्हते. त्यांना तेज वाढलेले खरोखरच दिसत होते आणि ते का दिसत होते हे आपल्यालाही अनुभवता येते. झोपण्याच्या खोलीत पूर्ण काळोख करून वीसेक मिनिटे बसावे आणि मग अंधारात चमकणारे काटे असलेल्या घड्याळाकडे पाहावे, तेही काट्यांची चमक बरीच ओसरल्यावर. काट्यांवर नजर रोखली की ते पुसट होतात. नजर थोडी बाजूला नेली की तेच काटे उजळतात. घड्याळात यामुळे काहीही बदललेले नसते. आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथे सर्वांत स्पष्ट दिसते त्या बिंदूवर, फक्त शंकुपेशी असतात. त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. अत्यंत मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी त्या बिंदूवर नसतात, त्या त्याच्या भोवताली असतात. त्यामुळे अंधुक वस्तूकडे सरळ पाहिले तर तिची प्रतिमा नेमकी अशा जागी पडते जेथे ती टिपणारे कोणी नसते. आकाशनिरीक्षक पुसट तारकागुच्छ पाहताना हेच ओळखून मुद्दाम तिरपी नजर वापरतात. आता काळोखात बसलेल्या प्रयोगकाराची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. पट्टी अमुक ठिकाणी उजळ होणार हे त्याला आधीच ठाऊक आहे, तिचे तेज दृष्टीच्या अगदी सीमेवर आहे आणि डोळे तर सतत सूक्ष्मपणे हलत असतात. अपेक्षित जागा जवळ आली की नजर नकळत थोडी ढळते, पट्टी उजळते आणि नोंद होते. ब्लाँदलो यांनी निरीक्षकांना पट्टीकडे टक लावून पाहू नका अशी सूचना दिली होती, ही गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे.

येथे प्रामाणिकपणा उपयोगी पडत नाही आणि हुशारीही पडत नाही; किंबहुना प्रयोगावर निष्ठा असलेला निरीक्षक अधिक सहज फसतो. म्हणून विज्ञानाने यावर नैतिक उपदेशाऐवजी एक यांत्रिक तोड काढली. ज्याने निरीक्षण करायचे त्याला उत्तर माहीत असता कामा नये, आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याचा निरीक्षकाशी संबंध येता कामा नये. यालाच अंध चाचणी म्हणतात. तिचे एक जुने आणि गमतीचे उदाहरण १७८४ मधील आहे. मेस्मर नावाच्या वैद्यांच्या तथाकथित प्राणि-चुंबकत्वाची, म्हणजे सजीवांतील एका अदृश्य शक्तीने रोग बरे करता येतात या दाव्याची, परीक्षा घेण्यासाठी फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. मेस्मर यांच्या एका शिष्याने बागेतील एक झाड ‘चुंबकित’ केले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणले गेले. त्याला दुसऱ्याच झाडांपाशी एकामागून एक नेण्यात आले, आणि चौथ्या झाडापाशी, म्हणजे खऱ्या झाडापासून दूर असतानाच, तो मूर्च्छित झाला. मूर्च्छा खरी होती; तिचे कारण मात्र झाडात नव्हते.

अशा चाचणीसाठी मोठी प्रयोगशाळा लागते हाही गैरसमज आहे. शरीराला स्पर्श न करता हात फिरवून रुग्णाचे ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणवते असे सांगणाऱ्या उपचारपद्धतीची परीक्षा एमिली रोझा या अमेरिकन मुलीने शाळेतील विज्ञान प्रकल्प म्हणून घेतली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. टेबलावर पुठ्ठ्याचा आडपडदा होता आणि उपचारकाने त्याच्या खालच्या भोकांतून दोन्ही हात, तळवे वर करून, पलीकडे काढायचे होते. एमिली नाणे उडवून ठरवी आणि त्यानुसार उपचारकाच्या उजव्या किंवा डाव्या तळहातावर थोड्या अंतरावर आपला हात धरी. आपला कोणता हात एमिलीच्या हाताजवळ आहे, एवढेच उपचारकाने सांगायचे होते. २१ उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिले आणि त्यांतील १२३ उत्तरे बरोबर आली. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण पद्धतीचा गाभा येथेच आहे. निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली तर २८० पैकी सरासरी १४० बरोबर येतील. प्रत्येक वेळी नेमकी १४० येणार नाहीत हे उघड आहे. ती किती इकडेतिकडे होतील याचे माप म्हणजे प्रमाण विचलन, आणि ते येथे २८० गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे ७० चे वर्गमूळ, सुमारे ८.४ इतके येते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलने, म्हणजे साधारण १२३ ते १५७ या पट्ट्यात, निव्वळ अंदाजाचे निकाल शंभरातून सुमारे ९५ वेळा पडतात. प्रत्यक्ष निकाल या पट्ट्याच्या अगदी खालच्या काठावर आहे. मग कोणी चतुर मनुष्य म्हणेल की उपचारकांना काहीतरी जाणवतेच, पण उलटे जाणवते. दुसऱ्याच हाताजवळ ऊर्जा असल्याचा भास होतो, आणि म्हणून तर निकाल निम्म्याहून खाली गेला. हे म्हणणे मूर्खपणाचे नाही. हे एक नवे गृहीतक आहे, आणि त्याला नवी चाचणी हवी. ज्या आकड्यांतून गृहीतक सुचले तेच आकडे त्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, कारण आकडे पाहून मग त्यांना जुळेल असे विधान केव्हाही रचता येते. त्या विधानाला चुकण्याची संधीच मिळालेली नसते. शून्यापासून २८० पर्यंत कोणताही आकडा आला असता तरी त्याला साजेशी कथा सापडली असती. म्हणूनच कोणता निकाल आला तर आपण हरलो, हे निकाल पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. आज औषधांच्या चाचण्या सुरू होण्याआधीच त्यांचे उद्दिष्ट नोंदवून घेतले जाते ते याच कारणाने. भविष्यकथनाचा सगळा व्यवहार ही एक अट लावताच लंगडा पडतो, आणि ‘क्वांटम’, ‘कंपने’ असे शब्द लावून विकल्या जाणाऱ्या उपचारांनाही हीच अट विचारावी. क्वांटम यांत्रिकीची भाकिते किती दशांश स्थळांपर्यंत पडताळली गेली आहेत हे त्या विक्रेत्यांना माहीत असते तर त्यांनी त्या शब्दाच्या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

भाकीत चुकले की सिद्धांत तत्काळ फेकून द्यावा, असे मात्र यातून निघत नाही आणि वैज्ञानिक तसे वागतही नाहीत. युरेनसची कक्षा न्यूटनच्या नियमांशी जुळेना तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी नियम टाकून न देता एक न दिसलेला ग्रह कल्पिला. हे सरळसरळ ठिगळ होते. पण त्या ठिगळाबरोबर त्यांनी आकाशातील जागाही दिली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेत शतकाला सुमारे ३८ कोनीय सेकंदांचा (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग; नंतरच्या हिशेबाने हा आकडा ४३ ठरला) फरक उरतो असे दिसले, तेव्हा ल व्हेरिए यांनी तोच उपाय पुन्हा केला आणि सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला. तो अनेक वर्षे शोधूनही सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने तो फरक ग्रहाविनाच भरून काढला. दोन्ही ठिगळे एकाच माणसाची होती आणि दोन्ही वैज्ञानिकच होती, कारण ती चूक आहेत की बरोबर हे दुर्बीण लावून पाहता येत होते. ‘परीक्षक श्रद्धावान नसेल तर शक्ती काम करत नाही’ हेही एक ठिगळच आहे. फक्त ते कोणत्या दुर्बिणीने पाहायचे हे कोणी सांगत नाही.

२०११ मध्ये ‘ऑपेरा’ या प्रयोगगटाला असे आढळले की जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतून सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीतील ग्रान सासो येथे पोहोचणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी येत आहेत. निकाल खरा असता तर शंभर वर्षांचे भौतिकशास्त्र पुन्हा लिहावे लागले असते. गटाने आपली मापे जाहीर केली आणि यात चूक कोठे आहे ते शोधण्यास जगाला मदत करा, असे आवाहन केले. काही महिन्यांनी उत्तर सापडले, त्यात एक मुख्य कारण प्रकाशतंतूच्या तारेची नीट न बसलेली जोडणी हे होते. वृत्तपत्रांनी या प्रकरणाची विज्ञानाची नाचक्की म्हणून चेष्टा केली, जे मला कधीच पटले नाही. ती तार कोणी बाहेरच्याने पकडली नव्हती, त्याच लोकांनी शोधली होती.

एन-किरणांच्या बाबतीतही असे होऊ शकले असते. १९०३ मध्ये ब्लाँदलो चुकले, पण जे प्रसिद्ध केले ते दुसऱ्याला करून पाहता येईल अशा रीतीने मांडले. तोवर ते विज्ञानच करत होते, असे माझे मत आहे. वुड यांच्या पत्रानंतर एका फ्रेंच विज्ञान नियतकालिकाने ब्लाँदलो यांच्यासमोर एक प्रस्ताव ठेवला. बाहेरून हुबेहूब सारख्या अशा दोन बंद पेट्या द्यायच्या, एकीत एन-किरण सोडणारे कडक पोलाद आणि दुसरीत ते न सोडणारे शिसे, आणि पोलाद कोणत्या पेटीत आहे हे ब्लाँदलो यांनी आपल्या चमकत्या पट्टीच्या साहाय्याने ओळखायचे. ब्लाँदलो यांनी नकार दिला. ही घटना अशा ढोबळ परीक्षेसाठी फार नाजूक आहे आणि एन-किरणांविषयी प्रत्येकाने आपापले मत बनवावे, असे त्यांनी कळवले.